सड्यावर 'येतो' म्हणू नये

सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, गेलं की निघताना 'येतो' म्हणायचं नाही, हे बंदरात लहानपणीच डोक्यात कोंबून बसवतात. मान हलवायची, वाटलं तर हसायचं आणि गपगुमान गाडीत बसून खाली उतरायचं. झरीनच्या धाकट्या भावाला, तहाला, हे ठाऊक नव्हतं असं नाही. कित्येक वर्षं तो मिरकरवाड्यातला बर्फ टेम्पोत भरून सड्याच्या बाजारात पोचवत होता. पण जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही.

मे महिना होता. कातळ तव्यासारखा तापलेला. बाजारातल्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून तहा बर्फ उतरवून थेट मोठ्या विहिरीवर गेला. तिथला राखणदार राजाराम नवा होता, पण मायाळू होता. त्यानं पोहरा काढून तहाच्या ओंजळीत पाणी ओतलं, थोडं डोक्यावरही ओतलं. तहाचा जीव सुखावला. त्यानं तोंड पुसलं आणि पाठ फिरवता फिरवता म्हणाला, "येतो हां मामा."

राजारामच्या हातातला पोहरा विहिरीत पडला. पाणी भरायला आलेल्या बायका जागच्या जागी थांबल्या. तहाला आपण काय बोललो ते कळेपर्यंत दोघा-तिघांनी त्याचे दंड धरले होते.

नवख्या माणसाला यात गुन्हा काय ते कळायचं नाही, म्हणून थोडं मागं जावं लागेल. बाकीच्या मुलखांत जुनी राज्यं आली, गेली, एकमेकांत मुरून गेली. इथं तसं झालंच नाही. तीन हजार वर्षं झाली, दोन संस्कृती एकमेकींच्या उरावर बसून आहेत. खाली बंदर, वर सडा. सडेकरांनी कातळात हत्ती, वाघ, मासे कोरले, विहिरी खणल्या आणि राजापूरच्या अर्जुना नदीपासून सावर्ड्यापर्यंतचे सगळे सडे आपले म्हणून राखले. बंदरकरांनी गलबतं बांधली आणि अरबस्तानापासून मिसरपर्यंत व्यापार केला. घाटावरच्या कुठल्याही राजाला या दोघांपैकी एकालाही गिळता आलं नाही आणि या दोघांना एकमेकांना गिळता आलं नाही. कारण अगदी साधं आहे, पाणी वर आणि मीठ खाली. धर्म फार उशिरा आले आणि दोन्हीकडे सारखेच पसरले, त्यामुळे नावावरून कोण कुठला हे आजही ओळखता येत नाही. ओळखायचं ते भाषेवरून. खाली आपली मराठी, वर कातळी.

या कातळीला भविष्यकाळ नाही. 'येतो' म्हटलं की त्या भाषेत माणूस आलाच. पूर्वी बंदरचे हल्लेखोर सड्याच्या पायथ्याशी ढोल बडवून 'येतो' अशी आरोळी ठोकायचे आणि पहाटे विहिरीत मीठ ओतून पसार व्हायचे. तेव्हापासून सड्याचा कायदा असा आहे की विहिरीच्या काठावर जो 'येतो' म्हणाला तो आला, आणि जो आला त्याला पुन्हा जाऊ द्यायचं नाही. मारत नाहीत, छळत नाहीत, जेवूखाऊ घालतात. फक्त जन्मात समुद्र पुन्हा दिसत नाही. बाजारात कोणी चुकून बोललं तर सडेकर कानाडोळा करतात, पण विहिरीवर कानाडोळा नाही. आणि आता मजा बघा, शत्रू म्हणून बोललेला शब्द तहा मायेनं बोलला होता. पाणी पाजणाऱ्या माणसाला पाठ दाखवून 'जातो' म्हणायचं, असले संस्कार त्याच्यावर नव्हते.

झरीन बंदरची दुभाषी होती. वरचं बोलणं खाली आणि खालचं वर पोचवायचं, एक शब्द घालायचा नाही आणि एक शब्द गाळायचा नाही, अशी शपथ घेऊन ती वीस वर्षं हे काम करत होती. खरं तर भावाच्या खटल्यात तिनं उभं राहायलाच नको होतं. पण बंदराचा दुसरा दुभाषी सागर दोन वर्षांपूर्वी दुबईला गेला तो तिकडचाच झाला. राहता राहिली झरीन.

तिच्याबरोबर वर निघाली गंगुबाई. मिरकरवाड्यात मासळीचा लिलाव तिच्या आवाजानं सुरू होई आणि तिच्याच आवाजानं संपे. यंदा बंदराच्या पंचायतीची प्रमुखही तीच होती.

"आयक झरीन," गाडी चढणीला लागली तशी गंगुबाई म्हणाली, "दिवस बुडायच्या आत पोर खाली आला नाय, तर मी मीठ बंद करणार. मासळी बंद. नाक्यावर आपली माणसा जमलीत, ती काय भजन करायला जमली नायत."

"मग ते पाणी बंद करतील, गंगुमावशी."

"करू देत. आज तहाला ठेवला, उद्या दुसऱ्याला ठेवतील. आपण काय त्यांना पोरा पुरवायला बसलोत?"

मे महिन्यात पाणी बंद म्हणजे काय, हे गंगुबाईलाही कळत होतं. तीस वर्षांपूर्वी एकदा बंद झालं होतं आणि त्या उन्हाळ्यात दोन्हीकडची माणसं मेली होती. झरीनचे वडील त्यातलेच एक.

नाक्यावर मोबाईल जमा करावे लागतात, तसाही वर टॉवर नाही. झरीननं फोन दिला, गळ्यातला दुभाष्याचा पास दाखवला. या पासावर तिचा जीव होता. कारण कामापुरतं का होईना, सड्यावर जायला मिळत होतं, आणि सड्यावर तिची लेक होती.

अमरीन लहान असताना झरीन तिला कामावर सोबत न्यायची. कातळीचा एकेक शब्द तिला शिकवायची, चुकला की पुन्हा म्हणायला लावायची. पोरगी हुशार निघाली. इतकी हुशार की वयात आल्यावर सड्याच्या पाणीखात्यातल्या सुहासशी ती कातळीतच प्रेमानं बोलली आणि लग्न करून मोकळी झाली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. सड्यावर सून म्हणून आलेली बाई विहिरीचं पाणी पिते आणि मग खाली उतरत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तिथं चालत नाही. अमरीनला सातवा महिना होता. बाळंतपणाला मी वर येऊन राहीन, असं झरीननं तिला सांगून ठेवलं होतं.

न्यायसभा कोरलेल्या हत्तीपाशी भरली होती. सडेकरांच्या पूर्वजांनी कातळात खोदलेला हा हत्ती एवढा मोठा आहे की त्याच्या पोटात वीस माणसं आरामात मावतील. आरोपीला त्या पोटात उभं करतात, अनवाणी. तहा उभा होता. पाय भाजत होते म्हणून तो एकदा हा पाय उचलत होता, एकदा तो. बहिणीला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि तेवढ्यानंच झरीनला रडू आवरेना. तिनं ओठ चावून धरला.

न्यायाला बसल्या होत्या फातिमाबी. वयानं ऐंशीच्या घरात, अंगानं काडी आणि नजर मात्र अशी की समोरच्यानं उगाचच आपली बटणं तपासावीत.

"दुभाषी आरोपीची बहीण आहे," त्या कातळीत म्हणाल्या. "नातं असेल तिथं तिसरा कान लागतो. दोन्ही भाषा जाणणारा आमचा माणूस उभा राहतो आणि दुभाषीनं काही घातलं किंवा गाळलं तर सांगतो."

गर्दी बाजूला झाली. पदर सावरत अमरीन पुढं आली. सड्यावर दोन्ही भाषा नीट जाणणारं दुसरं होतंच कोण? हत्तीच्या सोंडेपाशी ती आईकडे न बघता उभी राहिली. तीही अनवाणीच होती. झरीनच्या मनात आलं, या अवस्थेत पोरीला असं उन्हात उभं करतात काय, आणि लगेच तिनं तो विचार दाबला. आज ती कोणाची आई नव्हती.

राजारामनं घडलेलं सांगितलं. माणूस प्रामाणिक होता. पाणी मीच दिलं, तो हसून बोलला, रागानं नाही, हेही सांगायला तो विसरला नाही. मग झरीननं बंदराची बाजू मांडली.

"आमच्याकडे निरोप घेताना कोणी 'जातो' म्हणत नाही. ते अशुभ असतं. 'जातो' म्हणजे कायमचा गेला. म्हणून निघताना म्हणायचं 'येतो', आणि घरातल्यानं म्हणायचं 'या'. म्हणजे पुन्हा भेट होते."

सभेत खसखस पिकली. फातिमाबीही गालात हसल्या. "जाताना येतो म्हणता. मग येताना काय म्हणता?"

"काही नाही म्हणत. नुसते येतो."

"तीन हजार वर्षं आम्ही तुमच्या शेजारी राहतो आणि हे आम्हाला ठाऊक नाही."

"विचारलं कोणी नाही, बी. आणि आम्हीही सांगितलं नाही."

ऊन कलत होतं. गंगुबाई अस्वस्थ होऊन मावळतीकडे बघत होती. नाक्याकडून माणसांचा गलका वाऱ्यावर वर येत होता, आणि तो गलका ऐकून सड्याची तरुण पोरं हातात काठ्या घेऊन कडेला सरकू लागली होती. एखादा दगड कुठूनही आला असता तर पुढचं कोणाच्याच हातात राहिलं नसतं.

"पोरगा निर्मळ आहे, मला पटलं," फातिमाबी शेवटी म्हणाल्या. "पण कायदा मन बघत नाही, शब्द बघतो. विहिरीवर टाकलेला शब्द तसाच ठेवला तर उद्या कोणीही यावं, वाट्टेल ते बोलावं आणि मन साफ होतं म्हणावं. शब्द परत घ्यावा लागतो. या हत्तीच्या पोटात उभं राहून उलटा शब्द बोलायचा. जातो. तो बोलला गेला की पोरगा मोकळा."

झरीनला हायसं वाटलं. एवढंच ना, तहा म्हणेल. बर्फाची फेरी जाईल, जाऊ दे. अभद्र शब्द एकदा तोंडातून गेला म्हणून काही कोणी मरत नाही.

"पण ज्याच्या शब्दाचा वाद, त्याचं तोंड इथं बंद," फातिमाबी पुढं म्हणाल्या. "त्याचं तोंड म्हणजे त्याचा दुभाषी. शब्द तू बोलायचास. आणि आमच्याकडे जाणं म्हणजे जाणं. जे तोंड बोललं ते बांधलं गेलं. ते माणूस पुन्हा सड्यावर पाऊल ठेवत नाही."

झरीनच्या कानात नुसतं वारं भरलं. तिनं वर पाहिलं तर फातिमाबी तिच्याकडे नाही, खाली आपल्या हातांकडे बघत होत्या. म्हातारीला सगळं ठाऊक होतं. तिसरा कान म्हणून कोण उभं आहे, तिला कितवा महिना आहे, सगळंच ठाऊक होतं, आणि तिच्याही हातात दुसरं काही नव्हतं.

"काय म्हणतंय ती?" गंगुबाईनं तिचा दंड धरून हलवला. "झरीन, काय म्हणली ता सांग."

हे सांगणं तिचं काम होतं, कातळी गंगुबाईला येत नव्हती आणि तहालाही बाजारातल्या भावतालापुरतीच. सगळं सांगितलं तर गंगुबाई काय करेल हे झरीनला स्पष्ट दिसत होतं. आधी पोर ठेवून घेतात, आता लेकीपासून आई तोडतात, म्हणत ती तशीच उठली असती, मीठ बंद झालं असतं, आणि तहा हत्तीच्या पोटात उभाच राहिला असता. तहानंही ऐकून घेतलं नसतं. मी इथंच राहतो म्हणाला असता, मूर्ख.

"म्हणतात की मी त्याच्या वतीनं 'जाते' म्हटलं की तहा सुटला," झरीन म्हणाली.

"बस? येवढाच?"

"एवढंच."

वीस वर्षांत तिनं पहिल्यांदा एक वाक्य गाळलं होतं. सोंडेपाशी अमरीननं झटकन मान वर केली.

फातिमाबींना बंदरची भाषा येत नसली तरी त्यांना लांब बोलणं आणि आखूड बोलणं यातला फरक कळत होता. त्या अमरीनकडे वळल्या. "पोरी, तुझ्या आईनं माझं बोलणं पूर्ण पोचवलं?"

आता सगळी सभा अमरीनकडे बघत होती. ती 'नाही' म्हणाली असती तर दुभाषी खोटी ठरली असती आणि सुनावणी तिथंच मोडली असती. मामा वर राहिला असता. पण आई बांधली गेली नसती, बाळंतपणाला आली असती, नातवंडाला पायावर घेऊन न्हाऊ घातलं असतं. एवढं सगळं त्या एका 'नाही'मध्ये होतं आणि ते खरंही होतं. अमरीननं पोटावर हात ठेवला. झरीन तिच्याकडे बघत राहिली. बघू नये असं ठरवूनही बघत राहिली. तू काहीही म्हण, मला चालेल, असं तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि ते खोटं होतं.

"पूर्ण पोचवलं," अमरीन म्हणाली. "काही गाळलं नाही."

तिचा आवाज हलला नाही. झरीनला दुःख होतं, तेवढाच अभिमानही होता, आणि दोन्ही एकाच वेळी सोसायला माणसाला एकच काळीज दिलेलं असतं.

ती चपला काढून हत्तीच्या पोटात गेली. कातळ अजून भाजत होता. तहानं हळूच विचारलं, "आपा, काय करतंस?" तिनं त्याचा हात धरला. तिनं हा शब्द उभ्या आयुष्यात कधी स्वतःसाठी वापरला नव्हता. आईच्या मयतीच्या वेळी बायका म्हणाल्या होत्या, गेली. त्याआधी रागावून घर सोडलेला कोणी चुलता म्हणाला होता, जातो. एवढाच काय तो त्याचा घरातला वावर.

"जाते," झरीन म्हणाली.

"अगो, असा अभद्र काय बोलतंस?" तहा पुटपुटला.

"तिसरा कान," फातिमाबी म्हणाल्या. "काय शब्द बोलला गेला, सभेला सांग."

अमरीन सभेकडे वळली आणि स्वच्छ कातळीत म्हणाली, "माझी आई म्हणाली, मी गेले. ती पुन्हा येत नाही."

भाषांतर अचूक होतं. लहानपणी याच वाक्यात ती हमखास चुकायची, क्रियापद शेवटी आणायची, आणि झरीन तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावायची. आज एकही चूक झाली नाही. सुहासनं पुढं येऊन बायकोला सावलीत नेलं. जाताना तिनं मागं वळून पाहिलं की नाही हे झरीनला दिसलं नाही, कारण मध्ये गर्दी आली.

दिवस बुडायला थोडाच अवकाश होता. गंगुबाई आपल्या माणसांना आवरायला गाडीनं पुढं गेली. मुद्दाम तिनं गाडीतूनच आरडाओरडा सुरू केला, "सुटला रे, पोर सुटला, आता घरा गाठा." तहा टेम्पोकडे अक्षरशः नाचत निघाला. त्याच्या डोक्यावरची जन्मठेप टळली होती आणि तळपायांना आलेल्या फोडांचंही त्याला हसू येत होतं.

"अमरीनला भेटून जाव्या काय, आपा?"

"नको. ती दमली आहे."

"बरा. तिचे दिवस भरले की मीच तुला टेम्पोतून नाक्यापर्यंत आणीन. एष्टीच्या भानगडीत तू पडू नको."

झरीननं खिडकीची काच खाली केली आणि वाऱ्याकडे तोंड केलं.

नाक्यावर राजाराम उभा होता. शब्द ज्यानं ऐकला, हिशेब त्यानंच मिटवायचा, अशी सड्याची रीत. त्यानं फोन परत दिले आणि हात पुढं केला. झरीननं गळ्यातला पास काढून दिला. राजारामनं कातर काढली. एका दमात कापायला त्याला जमलं नाही, प्लास्टिक जाड होतं. दोन-तीनदा दाबल्यावर पास दुभंगला. तुकडे त्यानं आपल्या खिशात घातले, तिच्यासमोर फेकले नाहीत.

"पास कशाला कापला?" तहानं विचारलं. "आपा, तुझा पास कापला ना यानं. का?"

राजारामला बंदरची भाषा मोडकीतोडकीच येत होती. तो टेम्पोच्या दाराशी आला. मघापासून त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि योग्य शब्द सापडत नव्हता. एवढ्या मोठ्या गुंत्याला आपल्या हातचं पाणी कारण झालं, याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं. निघणाऱ्या माणसाला बंदरात घरातले काय म्हणतात, ते त्यानं आजच सभेत ऐकलं होतं. त्यानं दोन्ही हात जोडले आणि एकेक अक्षर जपून, बरोबर म्हणाला, "या हां, बाई."

तहानं बहिणीकडे पाहिलं. या शब्दाला काय उत्तर द्यायचं असतं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. झरीनचे ओठ हलले, पण उत्तर आलं नाही. ती राजारामच्या खिशाकडे बघत राहिली. मग तहाला सगळं कळलं आणि त्यानं किल्लीवरचा हात काढून घेतला.

"चालव," झरीन म्हणाली. "मागच्या गाड्या खोळंबल्यात."